आधुनिक चांदीच्या डॉलर नाण्यांचे मूल्यनिर्धारण

आधुनिक चांदीच्या डॉलर नाण्यांचे मूल्यनिर्धारण म्हणजे अमेरिकेच्या टांकसाळीने अलीकडच्या दशकांत काढलेल्या चांदीच्या एक डॉलर नाण्यांची संग्राहकांच्या बाजारातील किंमत ठरवण्याची पद्धत होय. या नाण्यांत 'अमेरिकन सिल्व्हर ईगल' हे नाणे सर्वाधिक प्रचारात आहे. त्याची दर्शनी किंमत केवळ एक डॉलर असली तरी त्यातील चांदीची किंमत त्याच्या कित्येक पट असते. स्वतंत्र प्रतवारी संस्थेने त्याच नाण्याला ७० पैकी ७० गुण दिले, तर त्याची किंमत चांदीच्या किमतीहून थोडी अधिक किंवा कधी शेकडो पट अधिकही असू शकते. हा फरक कशामुळे पडतो आणि तो किती टिकाऊ असतो, हा या मूल्यनिर्धारणातील मुख्य प्रश्न आहे.

प्राचीन वा जुन्या नाण्याची दुर्मीळता काळाच्या ओघात निर्माण झालेली असते. नाणी झिजतात, हरवतात, वितळवली जातात आणि उरलेल्यांचे मोल वाढते. आधुनिक नाणी मात्र टांकसाळीतून निघाल्यापासूनच जपून ठेवली जातात. त्यामुळे त्यांची दुर्मीळता बहुतांशी नाण्याच्या प्रतीवर, म्हणजे तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांवर अवलंबून असते. अशी दुर्मीळता नव्या प्रतवारीबरोबर कमी होऊ शकते.

नाण्यांची ओळख

अमेरिकन सिल्व्हर ईगल

या नाण्याला १९८५ साली अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या 'लिबर्टी कॉइन ॲक्ट' या कायद्याचा आधार आहे. पहिली नाणी ऑक्टोबर १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील टांकसाळीत पाडण्यात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विक्रीस आली. नाण्यात एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१०३ ग्रॅम, चांदी असते. शुद्धता ९९.९ टक्के, व्यास ४०.६ मिलिमीटर आणि जाडी २.९८ मिलिमीटर असते. भारतीय मापात एक ट्रॉय औंस म्हणजे १८० ग्रेनच्या जुन्या तोळ्याचे बरोबर दोन पूर्णांक दोन तृतीयांश तोळे.

पुढील बाजूवर शिल्पकार ॲडॉल्फ वाइनमन यांनी घडवलेली चालती स्वातंत्र्यदेवता आहे. हे चित्र मुळात १९१६ ते १९४७ या काळातील अर्ध्या डॉलरच्या नाण्यासाठी तयार झाले होते. मागील बाजूवर २०२१ च्या मध्यापर्यंत जॉन मर्कँटी यांचे ढालधारी गरुडाचे चित्र होते. त्यानंतर एमिली डॅम्स्ट्रा यांनी रेखाटलेला, जमिनीवर उतरणारा गरुड आला. संग्राहक या दोन प्रकारांना अनुक्रमे 'टाइप १' आणि 'टाइप २' म्हणतात. २०२१ साली दोन्ही प्रकारांची नाणी निघाल्यामुळे त्या वर्षाच्या नाण्याचे मूल्य पाहताना प्रकार तपासणे आवश्यक असते.

हे नाणे मुख्यतः तीन स्वरूपांत निघते. पहिले 'बुलियन' स्वरूप गुंतवणुकीसाठी असते. टांकसाळ ही नाणी थेट जनतेला न विकता ठरावीक अधिकृत घाऊक खरेदीदारांना चांदीचा चालू भाव अधिक ठरावीक आकार या हिशेबाने विकते. वीस नाण्यांची एक नळी आणि पाचशे नाण्यांची एक पेटी असे त्यांचे वेष्टन असते. दुसरे 'प्रूफ' स्वरूप खास चकाकी दिलेल्या चकतीवर एकाहून अधिक आघात करून पाडले जाते. त्याची पार्श्वभूमी आरशासारखी आणि उठाव दुधी दिसतो. तिसरे 'बर्निश्ड' स्वरूप २००६ पासून वेस्ट पॉइंट येथील टांकसाळीने सुरू केले. यात चकती घासून गुळगुळीत केलेली असते. याशिवाय पार्श्वभूमी दुधी आणि उठाव चकचकीत असलेली 'रिव्हर्स प्रूफ' नाणी अधूनमधून काढली जातात.

इतर डॉलर नाणी

१९८३ साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या निमित्ताने अमेरिकेने चांदीचे स्मारक डॉलर काढण्यास आरंभ केला. ही नाणी २६.७३ ग्रॅम वजनाची आणि ९० टक्के चांदीची असत. त्यामुळे त्यांत सुमारे ०.७७३ ट्रॉय औंस शुद्ध चांदी असे. २०१९ पासून स्मारक डॉलरसाठी ९९.९ टक्के शुद्ध चांदी वापरली जाऊ लागली. २०२१ मध्ये जुन्या 'मॉर्गन' आणि 'पीस' डॉलरच्या चित्रांची नवी नाणी निघाली. त्यांत ०.८५८ ट्रॉय औंस चांदी आहे. सर्वच डॉलर नाण्यांत एक औंस चांदी असते असे समजून हिशेब केल्यास चूक होते.

पार्श्वभूमी: जुने डॉलर आणि नवे डॉलर

अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरची दुर्मीळता समजून घेण्यासाठी १९१८ चा 'पिटमन ॲक्ट' हे उत्तम उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात रुपयाच्या नाण्यांसाठी चांदीची तीव्र टंचाई निर्माण झाली होती. कागदी नोटा देऊन चांदीचे रुपये मागणाऱ्यांची संख्या वाढत होती. ब्रिटिश सरकारला साहाय्य म्हणून अमेरिकेने या कायद्याखाली २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यांपैकी सुमारे २६ कोटी डॉलरची चांदी भारतासाठी ब्रिटनला विकण्यात आली. मॉर्गन डॉलरच्या काही वर्षांच्या नाण्यांचा फार मोठा भाग अशा रीतीने नाहीसा झाला आणि त्या चांदीतून भारतात रुपये पाडले गेले.

आधुनिक नाण्यांच्या बाबतीत असे घडलेले नाही. सिल्व्हर ईगल हे चलनात फिरण्यासाठी काढलेले नाणे नव्हे. ते टांकसाळीतून थेट नळीत वा डबीत जाते आणि तेथेच राहते. बुलियन स्वरूपात सर्वांत कमी नाणी १९९६ साली निघाली आणि ती संख्याही ३६,०३,३८६ होती. २०१५ साली ४ कोटी ७० लाख नाणी विकली गेली. इतक्या मोठ्या संख्येने आणि इतक्या चांगल्या स्थितीत उपलब्ध असलेली वस्तू केवळ जुनी झाली म्हणून दुर्मीळ होत नाही. म्हणूनच संग्राहकांचे लक्ष नाण्याच्या वर्षाबरोबरच त्याच्या प्रतीकडे वळले.

प्रतवारी

शेल्डन श्रेणी

नाण्यांना १ ते ७० गुण देण्याची पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या आरंभकालीन तांब्याच्या सेंट नाण्यांवरील ग्रंथात मांडली. या श्रेणीचा मूळ हेतू किंमत ठरवणे हाच होता. अगदी झिजलेल्या नाण्याची किंमत एक डॉलर धरली, तर त्याच जातीचे निर्दोष नाणे ७० डॉलरचे असावे, असे हे गणित होते. बाजारभाव पुढे या प्रमाणात राहिले नाहीत आणि ते गणित मागे पडले. गुणांची श्रेणी मात्र टिकली. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या नाणेसंग्राहक संघटनेने ती सर्व प्रकारच्या नाण्यांसाठी स्वीकारली.

या श्रेणीत ६० ते ७० हे गुण चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी राखलेले आहेत. बुलियन नाण्याच्या गुणांपूर्वी 'मिंट स्टेट' या अर्थी 'एमएस' ही अक्षरे लिहितात. प्रूफ नाण्यासाठी 'पीएफ' किंवा 'पीआर' ही अक्षरे वापरली जातात. त्यामुळे सर्वोच्च प्रतीची नाणी 'एमएस-७०' किंवा 'पीएफ-७०' या नावांनी ओळखली जातात. प्रूफ नाण्याची पार्श्वभूमी आणि उठाव यांतील विरोध ठळक असल्यास 'डीप कॅमिओ' किंवा 'अल्ट्रा कॅमिओ' असा उल्लेख जोडला जातो.

प्रतवारी संस्था

नाणे विकणाऱ्यानेच त्याची प्रत सांगायची, या जुन्या रीतीत वाद फार होत. १९८० च्या दशकात त्यावर उपाय म्हणून स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या. त्यांपैकी पीसीजीएस या संस्थेने १९८६ मध्ये काम सुरू केले, तर एनजीसी ही संस्था १९८७ मध्ये स्थापन झाली. तज्ज्ञ नाणे पाहून गुण ठरवतात. त्यानंतर ते पारदर्शक कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करून त्यावर वर्ष, प्रत आणि प्रमाणपत्र क्रमांक यांचे लेबल लावले जाते. या डबीला संग्राहक 'स्लॅब' म्हणतात.

७० गुणांचा अर्थ

७० गुण म्हणजे नाणे सर्वार्थाने निर्दोष, असा सर्वसामान्य समज आहे. एनजीसीच्या व्याख्येनुसार पाचपट मोठे करून पाहिल्यावर ज्यावर टांकसाळीतून निघाल्यानंतरचा कोणताही दोष दिसत नाही, ते नाणे ७० गुणांचे. यात दोन मर्यादा अंगभूत आहेत. तपासणी पाचपट विवर्धनाची आहे, त्याहून सूक्ष्म दोषांची नव्हे. तसेच भर नंतर झालेल्या इजेवर आहे. नाणे पाडतानाच राहिलेल्या किरकोळ खुणांचा विचार वेगळ्या रीतीने होतो.

६९ आणि ७० गुणांच्या नाण्यांतील फरक बहुधा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. एखादा बारीक ओरखडा किंवा कडेवरील सूक्ष्म टोचा एवढेच कारण पुरते. हा निर्णय अखेर मानवी असल्याने तेच नाणे दुसऱ्यांदा पाठवल्यास एका गुणाचा फरक पडू शकतो. एका गुणाच्या या फरकावर किमतीचा मोठा भाग उभा असतो, ही या बाजाराची ठळक बाब आहे.

मूल्याचे घटक

सर्वोच्च प्रतीच्या नाण्याची किंमत पुढील चार स्तरांत विभागून पाहिल्यास ती समजणे सुलभ होते.

धातूचे मूल्य

चांदीचा प्रति औंस चालू भाव गुणिले नाण्यातील शुद्ध चांदीचे वजन म्हणजे धातूचे मूल्य होय. सराफी भाषेत ही नाण्याची मोडीची किंमत म्हणता येईल. हा स्तर सर्वांत भक्कम असला तरी स्थिर नसतो. चांदीचा भाव जानेवारी १९८० मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०११ मध्ये प्रति औंस ५० डॉलरच्या जवळपास पोहोचला होता. मार्च २०२० मध्ये तो १२ डॉलरपर्यंत खाली आला होता.

नाण्याचे अधिमूल्य

कोणतेही सिल्व्हर ईगल मोडीच्या किमतीहून काहीसे अधिक भावाने विकले जाते. घडणावळ, वितरण, विक्रेत्याचा नफा आणि सरकारी हमी यांचा त्यात समावेश असतो. कमी संख्येने निघालेल्या नाण्याचे अधिमूल्य अधिक असते. उदाहरणार्थ, २०११ साली नाण्याच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त पाच नाण्यांचे एक लाख संच काढण्यात आले आणि ते काही तासांत संपले. त्यांतील रिव्हर्स प्रूफ नाणे केवळ या संचातच मिळत असल्याने त्याला कायम मागणी राहिली. २०१९ साली सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीच्या विशेष रिव्हर्स प्रूफ नाण्याची मर्यादा ३०,००० होती. ६५.९५ डॉलरला विक्रीस आलेले हे नाणे अल्पावधीत संपले आणि दुय्यम बाजारात त्याच्या कित्येक पट भावाने विकले जाऊ लागले. अशा नाण्यांना प्रतवारी न करताही मोल असते.

प्रतीचे अधिमूल्य

त्याच वर्षाच्या आणि त्याच स्वरूपाच्या ६९ आणि ७० गुणांच्या नाण्यांच्या भावातील फरक म्हणजे प्रतीचे अधिमूल्य. अलीकडच्या वर्षांच्या नाण्यांत ते माफक असते, कारण उत्पादनाचा दर्जा सुधारला आहे आणि ७० गुण मिळालेली नाणी हजारोंनी आहेत. १९८० आणि १९९० च्या दशकांतील बुलियन नाण्यांत ते फार मोठे असते. ती नाणी नळ्यांत एकमेकांवर घासत राहिली आणि त्या काळी त्यांना निर्दोष ठेवण्याचा विचारही कोणी केला नव्हता.

लेबलाचे अधिमूल्य

टांकसाळीने विक्री सुरू केल्यापासून साधारणतः ३० दिवसांत आलेल्या नाण्यांवर प्रतवारी संस्था 'फर्स्ट स्ट्राइक' किंवा 'अर्ली रिलीजेस' असा उल्लेख करतात. काही लेबलांवर शिल्पकाराची स्वाक्षरी असते. असे लेबल असलेल्या डबीला अधिक भाव मिळू शकतो. तथापि, नाणी कोणत्या क्रमाने पाडली गेली याची नोंद आपण ठेवत नाही, असे अमेरिकेच्या टांकसाळीने स्पष्ट केलेले आहे. 'फर्स्ट स्ट्राइक' या शब्दांतून नाणे पहिल्या आघातांपैकी आहे असा बोध होत असला, तरी प्रत्यक्षात ती केवळ वेळेची नोंद असते. नाण्यात त्यामुळे कोणताही फरक पडत नाही.

२०१५ साली फिलाडेल्फिया येथील टांकसाळीत पाडलेली ७९,६४० बुलियन नाणी हे लेबलाच्या महत्त्वाचे टोकाचे उदाहरण आहे. त्यांवर टांकसाळीची खूण नाही. त्यामुळे ती वेस्ट पॉइंटच्या कोट्यवधी नाण्यांपासून डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाहीत. त्यांची ओळख पेट्यांवरील क्रमांक आणि त्यावरून दिलेले लेबल एवढ्यावरच टिकून आहे. असे नाणे डबीतून बाहेर काढल्यास त्याचे हे वेगळेपण सिद्ध करण्याचा मार्ग उरत नाही.

संख्या अहवाल आणि सशर्त दुर्मीळता

प्रत्येक प्रतवारी संस्था कोणत्या वर्षाच्या किती नाण्यांना कोणते गुण दिले, याची आकडेवारी प्रसिद्ध करते. तिला संख्या अहवाल म्हणतात. नाणे मुळात विपुल असले तरी सर्वोच्च प्रतीत मोजकेच उपलब्ध असेल, तर त्या स्थितीला सशर्त दुर्मीळता म्हटले जाते.

१९९९ चे बुलियन नाणे याचे परिचित उदाहरण आहे. ती ७४,०८,६४० नाणी निघाली, म्हणजे १९९६ च्या दुपटीहून अधिक. असे असूनही एमएस-७० प्रतीत १९९९ चे नाणे या मालिकेतील अतिशय दुर्मीळ नाण्यांत गणले जाते. एकूण उत्पादन संख्येवरून सर्वोच्च प्रतीतील दुर्मीळतेचा अंदाज बांधता येत नाही, हे यावरून दिसते.

संख्या अहवाल वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. अहवाल अस्तित्वातील सर्व नाण्यांचा नसून तपासणीस आलेल्या नाण्यांचाच असतो. स्वस्त नाणी तपासणीस कमी येतात, त्यामुळे त्यांची संख्या कमी दिसू शकते. काही लोक ६९ गुणांचे नाणे डबी फोडून पुन्हा पाठवतात. जुने लेबल परत केले नाही, तर एकच नाणे अहवालात दोनदा मोजले जाते. एका संस्थेच्या अहवालात दुर्मीळ असलेले नाणे दुसऱ्या संस्थेच्या अहवालात तितके दुर्मीळ नसते आणि दोहोंच्या भावांतही फरक राहतो. तसेच, ७० गुणांच्या नाण्यांची नोंदलेली संख्या काळाबरोबर वाढतच जाते. ती घटण्याचे प्रसंग क्वचित येतात.

१९९५ चे वेस्ट पॉइंट प्रूफ

या शेवटच्या मुद्द्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९९५ चे 'डब्ल्यू' खूण असलेले प्रूफ नाणे होय. सिल्व्हर ईगलसोबतच सुरू झालेल्या गोल्ड ईगल मालिकेच्या दहाव्या वर्षानिमित्त काढलेल्या ९९९ डॉलरच्या संचात सोन्याच्या चार नाण्यांसोबत ते देण्यात आले. ते स्वतंत्रपणे विकत मिळत नव्हते. चांदीच्या एका नाण्यासाठी सोन्याचा संच घेणे अनेकांना परवडले नाही, त्यामुळे केवळ ३०,१२५ नाणी वितरित झाली. या मालिकेचा संच पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला ते लागत असल्याने सर्व प्रतींत त्याला चांगला भाव मिळतो.

पीसीजीएसने ७० गुण दिलेले असे एक नाणे मार्च २०१३ मध्ये लिलावात ८६ हजार डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. तेव्हा त्या प्रतीची मोजकीच नाणी नोंदलेली होती. इतका भाव पाहून ज्यांच्याकडे चांगली नाणी होती त्यांनी ती तपासणीस पाठवली. ७० गुणांच्या नाण्यांची संख्या वाढत गेली आणि पुढील काही वर्षांत भाव वीस हजार डॉलरच्याही खाली आला. नाणे तेच होते, चांदी तेवढीच होती आणि उत्पादन संख्याही बदललेली नव्हती. बदल झाला तो संख्या अहवालात. ज्याने उच्चांकी भावाने खरेदी केली, त्याच्या दृष्टीने प्रतीच्या अधिमूल्याचा बहुतांश भाग त्यामुळे नाहीसा झाला.

अशा उच्चांकी भावांमागे 'सेट रजिस्ट्री' नावाच्या स्पर्धेचाही वाटा असतो. प्रतवारी संस्था संग्राहकांच्या संचांची गुणांनुसार क्रमवारी लावतात. पहिला क्रमांक मिळवण्यासाठी एखाद्या वर्षाचे ७० गुणांचे नाणे हवेच असणारे दोन श्रीमंत संग्राहक एकाच लिलावात आले, तर भाव चढतो. त्यांची गरज भागल्यावर तशाच दुसऱ्या नाण्याला तेवढी मागणी उरेलच असे नाही.

बाजारभाव शोधण्याची पद्धत

किंमत ठरवताना प्रथम नाण्याचे वर्ष, टांकसाळीची खूण, स्वरूप, प्रकार, प्रतवारी संस्था, गुण आणि लेबल या बाबी निश्चित केल्या जातात. त्यांपैकी एकही बदलल्यास भाव बदलतो. त्यानंतर डबीवरील प्रमाणपत्र क्रमांक संस्थेच्या अधिकृत नोंदीशी पडताळला जातो.

किमतीची माहिती तीन प्रकारांची असते. पहिली म्हणजे प्रतवारी संस्थांच्या भावसूची. त्या किरकोळ विक्रीचा अंदाज देतात आणि अनेकदा प्रत्यक्ष व्यवहारांच्या वर असतात. दुसरी म्हणजे व्यापाऱ्यांसाठीची घाऊक भावपत्रिका. तिसरी आणि सर्वांत विश्वसनीय माहिती म्हणजे पूर्ण झालेल्या लिलावांतील विक्रीकिंमत. विक्रेत्याने मागितलेली किंमत हा पुरावा नसतो. नाणे प्रत्यक्षात कितीला विकले गेले, हे महत्त्वाचे ठरते.

लिलावाचे आकडे पाहताना त्यांत खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क समाविष्ट आहे की नाही, हे पाहावे लागते. विक्रेत्याच्या हाती येणारी रक्कम जाहीर किमतीहून कमी असते. एकाच उच्चांकी विक्रीवर विसंबण्याऐवजी गेल्या काही महिन्यांतील अनेक विक्रींचा मध्य घेणे अधिक योग्य मानले जाते. प्रत्येक विक्रीच्या दिवशी चांदीचा भाव काय होता, हे वजा करून पाहिल्यास अधिमूल्य वाढले की केवळ चांदी महाग झाली, ते कळते.

प्रतवारीसाठी पाठवण्याचा हिशेब

साधे नाणे विकत घेऊन ते प्रतवारीस पाठवावे आणि ७० गुण मिळवून नफा करावा, ही कल्पना अनेकांना आकर्षक वाटते. तिचा हिशेब पुढील काल्पनिक आकड्यांवरून समजून घेता येतो.

समजा, एक साधे नाणे ४० डॉलरला मिळाले आणि प्रतवारीचे शुल्क, टपाल व विमा मिळून ३० डॉलर खर्च आला. एकूण खर्च ७० डॉलर. ७० गुणांचे नाणे ९० डॉलरला आणि ६९ गुणांचे ४५ डॉलरला विकले जाते असे धरू. दहा नाण्यांपैकी सहांना ७० गुण मिळाले, तर सहा नाण्यांचे ५४० आणि चार नाण्यांचे १८० मिळून ७२० डॉलर येतील. दहा नाण्यांचा खर्च ७०० डॉलर असल्याने २० डॉलर नफा दिसतो. परंतु विक्रीवर दहा टक्के दलाली धरली, तर हाती ६४८ डॉलरच येतात आणि ५२ डॉलर तोटा होतो. या उदाहरणात तोटा टाळण्यासाठी सुमारे ७३ टक्के नाण्यांना ७० गुण मिळावे लागतील.

या हिशेबातील खरा धडा ६९ गुणांच्या नाण्याविषयी आहे. सामान्य वर्षाच्या नाण्याला ६९ गुण मिळाल्यास त्याची किंमत डबीबाहेरच्या नाण्याहून फारशी वेगळी नसते आणि प्रतवारीचा खर्च वसूल होत नाही. मोठे व्यापारी शेकडो नाणी एकदम पाठवून सवलतीचा दर मिळवतात आणि निवडक नाणीच पुढे नेतात. एकट्यादुकट्या संग्राहकाला ही सोय नसते.

जोखमी

दुधाळ डाग

चांदीच्या आधुनिक नाण्यांवर काही महिन्यांनी वा वर्षांनी पांढरट डाग उमटतात. चकत्या धुताना राहिलेले रासायनिक अंश भट्टीत तापून पृष्ठभागात मुरतात, असे त्याचे कारण सामान्यतः सांगितले जाते. ७० गुण मिळून डबीत बंद झालेल्या नाण्यावरही असे डाग येऊ शकतात. प्रतवारी संस्थांच्या हमीत असे नंतर आलेले डाग साधारणतः समाविष्ट नसतात. त्यामुळे लेबलावर ७० असूनही डागाळलेल्या नाण्याला ७० चा भाव मिळत नाही. खरेदी करताना केवळ लेबल न पाहता नाणे पाहावे, असे जाणकार सांगतात ते याच कारणाने.

बनावट नाणी आणि डब्या

हलक्या धातूवर मुलामा दिलेली बनावट नाणी बाजारात आढळतात. वजन, व्यास आणि जाडी ही तिन्ही मापे एकाच वेळी जुळवणे बनावट नाण्याला कठीण जाते. चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही, हीदेखील एक साधी कसोटी आहे, मात्र तिच्यामुळे सर्व बनावट नाणी पकडली जात नाहीत. टाइप २ नाण्याच्या कडेवरील कंगोऱ्यांमध्ये मुद्दाम ठेवलेली एक खंडित जागा ही बनावटगिरी रोखण्यासाठीची योजना आहे. नाण्यांप्रमाणे डब्याही बनावट असू शकतात आणि त्यांवर खऱ्या नाण्याचा प्रमाणपत्र क्रमांक छापलेला असू शकतो. म्हणून क्रमांकासोबत नोंदीतील छायाचित्रही ताडून पाहणे आवश्यक असते.

विक्रीची अडचण

मोडीची किंमत देणारा ग्राहक कुठेही सापडतो. प्रतीचे अधिमूल्य देणारा ग्राहक मात्र संग्राहकच असावा लागतो. तातडीने विकावे लागल्यास व्यापारी धातूच्या किमतीहून थोडेच अधिक देतो. वारसाहक्काने आलेल्या संग्रहांच्या बाबतीत हा अनुभव विशेषकरून येतो, कारण वारसांना खरेदीची किंमत ठाऊक असते, विक्रीची नसते. अमेरिकेत अशा संग्राह्य वस्तूंवरील दीर्घकालीन भांडवली नफ्यावर कमाल २८ टक्के दराने कर लागू शकतो, तोही हिशेबात धरावा लागतो.

जतन

हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढून ती काळवंडते. दमट हवामानात ही क्रिया वेगाने होते. डबी पूर्णतः हवाबंद नसल्याने ती कोरड्या जागी, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवली जाते. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांतून कालांतराने सुटणारी द्रव्ये नाण्यावर हिरवट चिकट थर निर्माण करतात, म्हणून ती टाळली जातात.

महाराष्ट्रातील घरांत चांदीची भांडी रांगोळी, चिंच किंवा दंतमंजनाने उजळण्याची पद्धत आहे. संग्राह्य नाण्यावर हा प्रयोग कधीही करू नये. अशा घासण्याने पृष्ठभागावर बारीक रेघा पडतात आणि मूळची चकाकी नष्ट होते. घासलेल्या नाण्याला प्रतवारी संस्था गुणांकाऐवजी केवळ 'साफ केलेले' असा शेरा देतात.

भारतातील संदर्भ

भारतात धनत्रयोदशी आणि लक्ष्मीपूजन या दिवशी सराफाकडून घेतली जाणारी चांदीची नाणी ही कायद्याच्या दृष्टीने चलन नसतात. त्यांचे मूल्य चांदीचा भाव आणि मजुरी एवढेच असते. परत विकताना मजुरी मिळत नाही. सिल्व्हर ईगलच्या वरील चार स्तरांपैकी त्यांना व्यवहारात पहिलाच स्तर लागू होतो.

भारत सरकारच्या टांकसाळींनी काढलेली स्मारक नाणी मात्र संग्राह्य मानली जातात. त्यांपैकी अनेक नाणी ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त अशा मिश्रधातूची आहेत. त्यामुळे त्यांच्या एकूण वजनाला चांदीच्या भावाने गुणणे चुकीचे ठरते. परदेशी प्रतवारी संस्था भारतीय नाण्यांनाही गुण देतात आणि तेथेही हेच नियम लागू होतात. अमेरिकेतील आप्तांनी भेट दिलेले ७० गुणांचे सिल्व्हर ईगल भारतात विकताना बहुतेक सराफ केवळ चांदीचीच किंमत करतात, कारण प्रतीच्या अधिमूल्याची बाजारपेठ मुख्यतः अमेरिकेत आहे.

टीका

सर्वोच्च प्रतीच्या आधुनिक नाण्यांच्या व्यापारावर संग्राहकांतूनच टीका होते. एका गुणाचा फरक सामान्य डोळ्यांना दिसत नसताना त्यासाठी मोठी किंमत देणे म्हणजे नाणे न घेता लेबल घेणे होय, असा आक्षेप आहे. याउलट, स्वतंत्र प्रतवारीमुळे दूरवरच्या खरेदीदाराला न पाहिलेल्या नाण्याचा भरवसा मिळतो, बनावटगिरीला आळा बसतो आणि जतनाचा दर्जा उंचावतो, असे समर्थक म्हणतात. दोन्ही बाजूंना मान्य असलेली व्यावहारिक कसोटी अशी की, ७० गुणांच्या नाण्यासाठी दिलेल्या किमतीतून चांदीचे मूल्य वजा करावे आणि उरलेली रक्कम उद्या आणखी हजार नाण्यांना ७० गुण मिळाले तरी मान्य असेल का, हे पाहावे. संग्रहाच्या आनंदासाठी ती मान्य असेल, तर खरेदी योग्य ठरते. केवळ गुंतवणूक म्हणून पाहिल्यास किमतीचा हाच भाग सर्वांत अस्थिर असतो.